वजन कुठं ठेवायचं

आमचे आबा आगवाले होते. आगबोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, बंबाच्या तोंडाशी उभं राहून फावड्याने कोळसा मारायचा, राख ओढायची आणि वाफ पडू द्यायची नाही, हे त्यांचं काम. सुरुवातीची काही वर्षं ते एडन-सुएझच्या बोटींवर होते, नंतरची सगळी उमेद कोकण किनाऱ्यावर गेली. बंदरं मात्र त्यांनी फारशी पाहिलीच नव्हती. हर्णै, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग ही नावं त्यांच्या तोंडी यायची ती भोंग्याच्या आणि यंत्र मंदावण्याच्या हिशेबाने. यंत्र थांबलं, म्हणजे वर पडाव येऊन लागला असणार, माणसं ट्रंका-बोचक्यांसकट शिडीवर लोंबत असणार, एवढंच त्यांना खालून कळे.

त्यामुळे त्यांच्या गोष्टींत समुद्र नसायचा. लाटा नाहीत, चांदणं नाही, देवमासे तर नाहीतच. आम्ही नातवंडं जरा हिरमुसायचो. त्यांच्या गोष्टींत असायचं ते वजन: कोळशाचं, पाण्याचं, मालाचं, माणसांचं. ते कुठं ठेवलं होतं आणि कुठं ठेवायला हवं होतं.

बोटीच्या दोन्ही कुशींना कोळशाच्या कोठ्या असत. कोळसेवाल्याने डावीकडून दहा पाट्या काढल्या की उजवीकडूनही दहा काढायच्या, असा दंडक. कंटाळा करून तो जवळच्याच कोठीतून उपसत राहिला, तर बोट हळूहळू भरलेल्या कोठीच्या अंगावर कलायची. वर कप्तानाला ते कळायच्या आधी खाली आगवाल्याला कळे, कारण पायाखालच्या पत्र्यावरचं तेलकट पाणी एका बाजूला गोळा होऊ लागे. आबांच्या टंडेलाने यावर एक उपाय करून ठेवला होता. एका खांबाला सुतळीने जाडसा नट टांगलेला, आणि मागच्या पत्र्यावर खडूच्या तीन रेघा. मधली रेघ सरळ बोटीची. बाजूच्या दोन टंडेलाच्या शिव्यांच्या.

पण कललेल्या बोटीला आबा तितके भीत नसत. ती कशामुळे कलली ते दिसतं आणि दुरुस्त करता येतं. त्यांची भीती वेगळीच होती. बोट डुलताना एका टोकाला जाऊन परत यायला किती वेळ घेते, हे ते फावड्याच्या फेकीत मोजत. झटक्याने परत येणारी बोट माणसाची हाडं खिळखिळी करते, कपबशा फोडते, नव्या पोरांना ओकाऱ्या काढायला लावते. पण ती भरवशाची. संथ डुलणारी बोट वरच्या सायबांना, मडमांना आवडते. "आणि टोकाला जाऊन जी इचार करत थांबते ना," आबा म्हणत, "तिच्यात आपली माणसं घालू नयेत."

पुढे मी जहाजांच्या आराखड्याच्या धंद्यात पडलो. तिथं हीच गोष्ट सूत्रात बसवलेली मिळाली. बोटीच्या स्थैर्याचं माप जितकं मोठं, तितका तिचा डुलण्याचा वेळ कमी. माप चौपट झालं तर वेळ निम्मा. म्हणून आजही डुलण्याचा वेळ घड्याळावर मोजून लहान बोटीच्या स्थैर्याचा अंदाज बांधतात. आबांपाशी घड्याळ नव्हतं, एवढाच फरक.

आबांना त्यांच्या सारंगाने सांगितलेली आणि सारंगाला त्याच्या कुणा वडीलधाऱ्याने सांगितलेली एक गोष्ट होती. मुंबईत बांधलेली पहिली आगबोट म्हणे कोळसा खाऊन खाऊन बुडायला आली होती. कप्तानाने अखेर खुर्च्या-टेबलं जाळून एडन गाठलं. खुर्च्या-टेबलांचा मला कुठं पुरावा दिसला नाही, ती सारंगाची फोडणी असावी. बाकी गोष्ट अस्सल आहे. ती बोट 'ह्यू लिंडसे'. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली आणि १८२९ साली पाण्यात उतरवली. ४११ टनांची, दोन्ही बाजूंना मोठी चाकं, ८० अश्वशक्तीची दोन यंत्रं. कोळशाची जागा तिला दिली होती साडेपाच दिवसांची, आणि एडन अकरा दिवसांवर! मग मिळेल त्या कोपऱ्यात, अगदी डेकवरसुद्धा कोळसा लादला. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली तेव्हा डेक आणि पाणी यांत जेमतेम अंतर उरलं होतं. एडनला पोचली तेव्हा सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. तिथून पुन्हा कोळसा भरत भरत सुएझ, मुंबई सोडल्यापासून महिन्याहून थोड्या जास्त दिवसांनी.

या प्रवासाचं कौतुक वेगाच्या अंगाने होतं. विलायतेची डाक शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जायची, तिला हा नवा रस्ता सापडला, वगैरे. माझं लक्ष जातं ते त्या डेकवरच्या कोळशाकडे. आगबोटीची खरी अडचण अशी की ती निघताना जी असते ती पोचताना नसते. तळच्या कोठ्यांतला कोळसा जळून जातो आणि वरचं वजन तिथंच राहतं. निघताना भक्कम असलेली बोट मुक्कामाला पोचेपर्यंत डोईजड होऊन बसते. शिडाच्या गलबताला हा त्रास नव्हता. त्याच्या तळाशी निरम म्हणून दगड घातलेले असत आणि दगड काही कुणी जाळत नाही. म्हणून जहाजाचा हिशेब आम्ही दोनदा मांडतो, एकदा निघतानाचा आणि एकदा पोचतानाचा. दुसरा सहसा जास्त वाईट निघतो.

वाडियांच्या गोदीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. लवजी नसरवानजी वाडिया अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सागवानाची जी जहाजं बांधली, त्यांतलं जमशेटजी बोमनजींनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं आणि ते अजून तरंगतं आहे, इंग्लंडात हार्टलपूलला. दोनशे वर्षांवर पाण्यात राहिलेलं लाकूड! याच घराण्यातले अर्देशिर करसेटजी आगबोटीच्या यंत्राच्या नादी लागले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं, पहिले भारतीय फेलो ते. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी यंत्रशाळेचे ते मुख्य इंजिनिअर झाले आणि त्यांच्या हाताखाली गोरे कारागीर राबू लागले. शाळेच्या पुस्तकात मला हे नाव कधी भेटलं नाही, याचा राग मला म्हातारपणीही येतो.

खाडीकाठी मचवा बांधणाऱ्या मेस्त्रीकडे मात्र ना यंत्रशाळा होती ना कागद. आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा, टाकायचा, त्याला पुढची नाळ जोडायची, मग वाक, म्हणजे बरगड्या, उभे करायचे, त्यांवर फळ्या. वाकाचं लाकूड झाडातच वळलेलं शोधायचं, कारण कापून वळवलेलं लाकूड लाटेच्या माराला उकलतं. कुशी किती फुगवायची हे मेस्त्री डोळ्याने ठरवी. लहानपणी आबांनी मला असं काम पाहायला नेलं होतं. मेस्त्री अर्धवट मचव्यापासून लांब जाऊन उकिडवा बसायचा, एक डोळा मिटून बराच वेळ नाळेकडे बघायचा, मग उठून एका वाकावर खडूने रेघ मारायचा. "हितं थोडी पोटात घे." पोरगा तासणी चालवायचा. आबांनी विचारलं, कशावरून? मेस्त्री म्हणाला, "माल भरल्यावर कळंल."

या 'माल भरल्यावर'चा शास्त्रोक्त शोध लावला पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने, आणि तोही समुद्रापासून दूर. पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या पथकाबरोबर तो काही वर्षं अँडीज पर्वतात होता. तिथं बसून त्याने जहाजांवरचा ग्रंथ लिहिला. तो १७४६ साली छापला गेला. त्यातला मेटासेंटर आजही आमचं रोजचं दळण आहे. बोट कलली की तिच्या बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, आणि पाणी तिला जिथून वर ढकलतं ती जागा कललेल्या बाजूला सरकते. त्या जागेतून सरळ वर रेघ काढली की ती बोटीच्या मधल्या रेघेला जिथे छेदते, तो मेटासेंटर. बोटीचा गुरुत्वमध्य याच्या खाली असेल तोवर पाणी तिला उभं करतं. तो वर सरकला की तेच पाणी तिला आडवं करतं. या दोन बिंदूंमधलं अंतर लहान बोटीत पुष्कळदा हात-दीड हाताचं असतं. शेकडो माणसांचा जीव त्या हातभर अंतरावर.

आणि हे अंतर कागदावर पुरतं कळत नाही. बोट बांधून झाली की तिलाच विचारावं लागतं. वारा पडलेला असतो म्हणून आम्ही पहाटे जमायचो. बांधलेले दोर सैल सोडायचे. टाक्या एकतर काठोकाठ भरायच्या, नाहीतर कोरड्या करायच्या. अर्धवट टाकी नको, कारण तिच्यातलं पाणी बोटीबरोबर कलत्या बाजूला धावतं. (रुंद टाकीत मधोमध आडोसा घालून तिच्या दोन केल्या, तर हा उपद्रव चौथ्या हिश्शावर येतो.) रंगारी, वेल्डर, चहावाला पोरगा, सगळ्यांना खाली उतरवायचं. उरलेल्यांनी नेमल्या जागी खिळून राहायचं. तळच्या खणात लांब तारेला ओळंबा सोडायचा आणि तो झुलत राहू नये म्हणून तेलाच्या बादलीत बुडवायचा. तारेमागे एक लाकडी पट्टी. मग वर डेकवर मोजून आणलेली लोखंडी वजनं एका काठावरून दुसऱ्या काठाकडे न्यायची. खाली ओळंबा दोन-चार बोटं सरकतो, पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची. वजन सरकवलं किती, ओळंबा हलला किती, यावरून ते हातभर अंतर काढता येतं. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा त्या ओळंब्याकडे बघून मला टंडेलाचा नट आठवला, आणि सगळे गंभीर उभे असताना हसू आवरेना.

आता 'रामदास' या बोटीच्या अपघाताकडे येतो. आमच्या घरात ही गोष्ट दोन तोंडांनी सांगितली जाई. एक आबांचं, दुसरं त्यांच्या धाकट्या बहिणीचं. आक्का मांडव्याच्या बाजूला दिलेली. सासरी मासळीचा धंदा. पाट्या घेऊन ती रेवसच्या बोटीने मुंबईला जायची, त्या 'रामदास'नेसुद्धा.

१७ जुलै १९४७. आषाढ संपत आलेला, गटारी तोंडावर, सणाला घरी निघालेली माणसं. 'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. कोकणच्या लांबच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, पण रेवसची फेरी बंदराच्या आतली मानली जाई, ती चालू राही. तासाभराच्या आतच काश्याच्या खडकाजवळ बोट एका अंगावर गेली आणि उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळी बुडालेल्या बोटीचा दुपारपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता.

आक्काच्या गावात याची कारणं ठरलेली होती. अमावास्येला बोट सोडली. शिवाय संतांची नावं बोटींना लाभत नाहीत. १९२७ साली 'जयंती'बरोबर बुडाली ती 'तुकाराम'च होती ना? कुणी म्हणे बोटच कच्ची. हे शेवटचं मी खोडून काढतो. १९३६ साली टाईन नदीकाठी स्वॉन हंटर कंपनीने ती बांधली. अटलांटिकवर वीस वर्षं वेगाचा मान राखणारी 'मॉरिटेनिया' याच कारखान्याची. 'रामदास' ४०६ टनांची, १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद. पत्रा, रिबिटं, यंत्र यांत खोट काढावी अशी ती नव्हती.

आबा त्या पावसाळ्यात घरी होते. बातमी गावात आली तेव्हा अंगणात माणसं जमली, जो तो काहीबाही बोलत होता. आबांनी म्हणे एकच विचारलं, "वर किती व्हते आणि खाली किती?"

ही गोष्ट आजीकडून मी अनेकदा ऐकली. तिच्या सांगण्यात तक्रार असे, की माणसं रडत होती आणि याला हिशेब सुचत होते. मला विचाराल तर चौकशीला बसलेल्या कुणीही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. वाचलेले लोक सांगत की लाट अंगावर आली, पाणी डेकवर चढलं आणि घाबरलेली गर्दी दुसऱ्या बाजूला धावली. अशा मापाची एक बोट घेऊन आकडा मांडून पाहा. बोटीचं सगळं वजन ५०० टन धरा, मेटासेंटर आणि गुरुत्वमध्यातलं अंतर अर्धा मीटर. ६०० माणसं, सरासरी ५० किलोंची, म्हणजे ३० टन. ती सरासरी तीन मीटर एका बाजूला सरकली, तर बोट सुमारे २० अंश कलते. नऊ मीटर रुंद बोटीचा काठ तेवढ्यात दीड मीटरहून जास्त खाली जातो. हे सगळं शांत पाण्यात. लाट अजून आलेली नाही, पावसासाठी बाजूंना बांधलेल्या ताडपत्रीत वारा भरलेला नाही, डेकवर चढलेलं पाणी कलत्या बाजूला धावलेलं नाही. माणसं वरच्या डेकवर जास्त असतील तर अर्धा मीटर अंतरही उरत नाही. माणूस बोटीवरचा एकटाच असा माल आहे, जो घाबरतो आणि सगळा एकाच वेळी सरकतो.

आक्काची गोष्ट दुसऱ्या बाजूने सुरू होते. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेले मचवे त्या पाण्यात होते. एकावर तिचे धाकटे दीर. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. समोर पाण्यात माणसंच माणसं. मचव्याचा काठ आधीच पाण्यापासून वीतभर. तात्यांनी पहिल्याने मासळी फेकली. पाट्या, सुकं, ओलं, सगळं. मग जाळी गेली. त्या घरात जाळं म्हणजे काय ते समजणाऱ्याला समजेल. मग माणसं ओढून घ्यायला सुरुवात झाली. वर आलेल्या एकाने, बिचारा मदतच करत होता, तळातले निरमाचे दगड उचलून फेकायला घेतले. तात्यांनी त्याच्या थोबाडीत मारली.

"दगड टाकले असते तर अजून चार जीव आले असते की," मी लहानपणी आक्काला म्हटलं होतं.

"आलं असतं आनि सगलंच गेलं असतं," ती म्हणाली. "उभं बी राहू दिलं नाय कुनाला. एकेकाला मुंडीला धरून खाली बसवलं. बसा रं, तळाला बसा. बाईमानसाला बी."

बुडणाऱ्या माणसाला मारणारे तात्या मला तेव्हा क्रूर वाटले होते. नोकरीत काही वर्षं काढल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, तेवढ्या घाईत दगड ठेवायचं कसं सुचलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. सुचायचं काय त्यात? निरम म्हणजे मचव्याचे पाय. मासळी वरती असते, ती टाकली की मचवा हलका होतो आणि सरळही राहतो. दगड टाकले की हलका होतो, पण सरळ राहत नाही. त्यांनी हे हाताने हवेत दाखवलं: एक तळवा खाली, एक वर, आणि वरचा तळवा हळूच उलटा.

प्रवासी जहाजांच्या स्थैर्याचे आंतरराष्ट्रीय नियम आज तात्यांच्या हुकमाशी तंतोतंत जुळतात. दर प्रवासी किमान ७५ किलोंचा धरायचा. सगळे प्रवासी एका काठाला गर्दी करून उभे आहेत असं मानायचं, एका चौरस मीटरमध्ये चार. तरीही बोट १० अंशांहून जास्त कलता कामा नये. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य डेकपासून एक मीटर वर धरायचा. बसलेल्याचा बैठकीपासून फक्त ३० सेंटिमीटर वर. माणसं धावणार हे गृहीत धरून बोट बांधायची, त्यांना धावू नका म्हणून पाटी लावून भागवायचं नाही, हा त्यातला मुद्दा मला फार आवडतो. धावणाऱ्यांना दोष देणारे लेख आपल्याकडे आजही प्रत्येक अपघातानंतर छापून येतात.

आक्का नव्वदीच्या दशकापर्यंत होती. शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान तिखट. एकदा सुट्टीत गेलो असताना माझं काय चाललंय म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी तिला हा नियम सांगितला. चार माणसं एका चौकोनात, ७५ किलो, एक मीटर, सगळं. तिने बोटांनी चौकोन चाचपल्यासारखा केला.

"आनि पाटी?"

"कसली पाटी?"

"मासलीची. डोक्यावरची. ती कुठं धरलीस?"

सामानाचं वजन वेगळं धरतात, ते खाली ठेवलेलं असतं, असं मी सांगायला लागलो. आक्का म्हणाली, पावसात खालच्या डेकवर घोटाभर पाणी असताना कोण बाई पाटी खाली ठेवते? भिजली मासळी मुंबईला कोण घेतो?

त्यानंतर बंदरातल्या एका लाँचचा आराखडा माझ्याकडे आला. प्रवाशांच्या हिशेबात मी एक ओळ वाढवली: निम्म्या प्रवाशांच्या डोक्यावर प्रत्येकी २० किलो, डेकपासून पावणेदोन मीटर उंचीवर. त्यापायी वरच्या डेकची लांबी कमी करावी लागली आणि मालक नाराज झाला. आराखडा तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने त्या ओळीवर पेन्सिल ठेवून विचारलं, नियमात नाही, हे कशासाठी?

मी म्हटलं, "बोट रेवसला जायची आहे."